सामायिक प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कला जोडताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वागळे इस्टेटमधील गाळा असो वा नौपाड्यातील सल्लागाराचे कार्यालय, बहुतेक ठिकाणी प्रिंटर पहिल्यांदा यूएसबी केबलने हिशेबनिसाच्या संगणकाला जोडला जातो आणि तिथूनच तो इतरांना 'शेअर' करून दिला जातो. ही सोय चालते, पण तो संगणक सुरू असेपर्यंतच. हिशेबनीस रजेवर गेले की डिलिव्हरी चलन छापण्यासाठी कोणीतरी त्यांचा पासवर्ड विचारायला फोन करतो. म्हणून प्रिंटरला नेटवर्क केबलची खाच असल्यास तो थेट राउटरला किंवा स्विचला (एकाच नेटवर्कला अनेक केबल जोडण्याच्या पेटीला) जोडावा, असे आम्ही सुचवतो. वाय-फायवरही काम होते. मात्र अनेक प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वाय-फायवरून ते सहसा इतर संगणकांना दिसत नाहीत.

केबल जोडली म्हणजे काम संपले, असे नाही. राउटर प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.५० अशा स्वरूपाचा आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण शोधण्याचा क्रमांक) ठरावीक मुदतीपुरता देतो, आणि वीज जाऊन आल्यावर किंवा ती मुदत संपल्यावर प्रिंटरला वेगळाच पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' दिसते. प्रिंटरचा दिवा हिरवा, केबल घट्ट बसलेली, तरी छपाई नाही, अशा वेळी आम्ही सर्वप्रथम हेच तपासतो. उपाय सोपा आहे: प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्कच्या माहितीचे पान छापावे, त्यावरील मॅक पत्ता (उपकरणाचा न बदलणारा ओळख क्रमांक) पाहावा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये त्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. प्रिंटरच्या पॅनेलवर हाताने पत्ता भरण्यापेक्षा ही पद्धत आम्हाला अधिक पसंत आहे, कारण सर्व पत्त्यांची नोंद एकाच जागी राहते आणि एकच पत्ता दोन उपकरणांना जाण्याचा धोका टळतो.

त्यानंतर विंडोजच्या प्रत्येक संगणकावर प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेले नाव न निवडता, आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय घेऊन राखून ठेवलेला पत्ता भरावा. आपोआप सापडलेला प्रिंटर अनेकदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर (प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या विंडोजच्या जोडणीवर) बसतो आणि काही दिवसांनी विनाकारण ऑफलाइन दाखवू लागतो, असा आमचा अनुभव आहे. शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकाला तो प्रिंटर वापरू देणारे सॉफ्टवेअर) बसवण्यासाठी ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा सुधारणेपासून विंडोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आधीच हाताशी असल्यास आमच्या तंत्रज्ञाची फेरी वाया जात नाही.

एक विषयाबाहेरची, पण महत्त्वाची सूचना: लेझर प्रिंटर संगणकाच्या यूपीएसवर लावू नये, कारण कागदावर शाई पक्की करणारा भाग तापताना खूप वीज ओढतो आणि लहान यूपीएस तो भार झेपत नसल्याने बंद पडतो. राउटर व स्विच मात्र यूपीएसवर असावेत.

जोडणी पूर्ण झाल्यावर आमचा तंत्रज्ञ आयपी पत्ता लिहिलेली चिठ्ठी प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवतो. राउटर बदलताना नव्या राउटरमध्ये तोच पत्ता पुन्हा राखून ठेवावा लागतो, त्यामुळे ती चिठ्ठी काढू नये.