रिलेटिव्ह फ्रिक्वेन्सी हिस्टोग्राम: आर आणि पायथनमधून

हिस्टोग्रामात दर वर्गात, म्हणजे 0 ते 10, 10 ते 20 अशा आकड्यांच्या दर पट्ट्यात, किती नोंदी पडल्या ते मोजतात, तोच आकडा एकूण नोंदींनी भागला की झाला रिलेटिव्ह फ्रिक्वेन्सी हिस्टोग्राम. सगळ्या दांड्यांच्या उंचीची बेरीज 1 येते, टक्क्यांत घेतली तर 100.

याची गरज कधी पडते, तर गोव्यातल्या पणजी आणि वाळपईच्या रोजच्या पावसाची तुलना करायची असेल तेव्हा. जून ते सप्टेंबर असे 122 दिवस धरले आणि एका ठिकाणच्या मधल्या काही नोंदीच नसल्या, तर नुसते दिवस मोजून काही कळत नाही, हिस्सा काढला की दोन्ही एका मापात येतात.

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत हिस्ट फंक्शनला फ्रीक फॉल्स दिलं की काम झालं असं बरेच जण समजतात, पण ते डेन्सिटी देतं, रिलेटिव्ह फ्रिक्वेन्सी नाही. डेन्सिटी म्हणजे हिस्सा भागिले वर्गाची रुंदी, तिथे क्षेत्रफळांची बेरीज 1 असते, उंचीची नव्हे. 10 मिलिमीटरच्या वर्गात 30 टक्के दिवस असले तर दांडा 0.03 वर दिसणार, आणि तापमानाचे पाव अंशाचे वर्ग करून एकात 40 टक्के आले तर 1.6 वर, मग लोक विचारतात की हिस्सा एकाच्या वर गेलाच कसा. खरा हिस्सा हवा तर प्लॉट फॉल्स देऊन हिस्टचा निकाल साठवायचा, त्यातले काउंट्स त्यांच्या बेरजेने भागायचे आणि मग प्लॉट करायचं. लॅटिस पॅकेजचं हिस्टोग्राम फंक्शन सरळ टक्के देतं, कमी कटकट. पायथन भाषेच्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या पॅकेजमध्येही डेन्सिटी ट्रू म्हणजे डेन्सिटीच, हिस्सा हवा तर दर नोंदीला वेट्समध्ये 1 भागिले एकूण नोंदी द्यायच्या.

डेन्सिटी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. हवामान खात्याचे दिवसाच्या पावसाचे वर्ग मिलिमीटरमध्ये घ्या, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 ते 115.5 जोरदार, 115.6 ते 204.4 अतिजोरदार, रुंदी सारखी नाही, त्यामुळे उंचीला हिस्सा लावला की रुंद वर्ग उगाच मोठे दिसतात. अशा वेळी आर आपणहून डेन्सिटीवर जातो आणि जबरदस्तीने काउंट मागितला तर क्षेत्रफळं चुकलीत असा इशाराही देतो, मॅटप्लॉटलिब गप्प बसतं.

वर्ग किती करायचे, तर आपण ठरवून न दिल्यास आर नोंदींच्या संख्येवरून वर्ग ठरवणारा 1926 चा स्टर्जेसचा नियम वापरतो आणि नमपाय, म्हणजे पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज, सरळ 10 करतं. पावसाच्या एका बाजूला लांब शेपूट असलेल्या डेटाला दोन्ही फारसे शोभत नाहीत, वर्ग आपणच द्यावेत हे बरं. बरोबर 20.0 मिलिमीटर पाऊस आर 10 ते 20 मध्ये टाकतो, नमपाय 20 ते 30 मध्ये, म्हणून एकाच फाईलचे दोन आलेख थोडे वेगळे दिसले तर आधी वर्गांच्या कडा बघायच्या.

दोन केंद्रांचे आलेख शेजारी शेजारी पॅनेलमध्ये काढताना आरच्या जीजीप्लॉट2 या पॅकेजचा एक सापळा आहे, काउंट भागिले काउंटची बेरीज असं लिहिलं की ती बेरीज दोन्ही पॅनेलची मिळून होते, म्हणजे पणजी आणि वाळपई मिळून 1, ज्यासाठी हिस्सा काढला तेच हुकतं. तिथे डेन्सिटी गुणिले विड्थ लिहायचं. पायथनच्या सीबॉर्न पॅकेजच्या हिस्टप्लॉटमध्ये स्टॅट प्रोबॅबिलिटी देताना कॉमन नॉर्म फॉल्स करायचं, नाहीतर तिथेही तसंच होतं.