‘कोटी’ म्हणजे ‘प्रकार’? मूळ संवादात तो शब्दच नाही

आमच्या माजघरात गाईचं एक चित्र होतं, शिंगांपासून शेपटीपर्यंत देवच देव. ‘हिच्या पोटात तेहतीस कोटी देव,’ आजी म्हणायची. हल्ली व्हॉट्सॲपवर दुरुस्ती फिरते: कोटी म्हणजे प्रकार, ग्रंथात तसंच लिहिलंय.

मी देव मानत नाही, उपनिषदं मात्र आवडीने वाचतो. ‘उच्च कोटीचा’ म्हणताना कोटीचा अर्थ ‘दर्जा’ होतो, हे खरं. पण बृहदारण्यक उपनिषदातल्या ज्या संवादात हे ३३ देव येतात, तिथे ‘कोटी’ हा शब्दच नाही.

शाकल्य नावाचा पंडित विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य ऋषी सांगतो, ३०३ आणि ३००३. तोच प्रश्न पुन्हा. ३३. पुन्हा. ६. मग ३, २, दीड आणि शेवटी एक. ३३ म्हणजे ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती. एकेक करून मोजलेले. बाकी सगळे त्यांचे महिमे. आदित्य म्हणजे वर्षाचे बारा महिने. रुद्र म्हणजे माणसातले दहा प्राण आणि अकरावा आत्मा. देह सोडताना ते रडवतात, म्हणून रुद्र.

आजी गेली त्या रात्री मला हीच ओळ आठवत होती.