फिल्मवरची चांदी आणि गोव्याचे ऊन

फोंडा तालुक्यातील मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली पांढराशुभ्र दीपस्तंभ भर दुपारच्या उन्हात छायाचित्रात नीट उतरवणे ही छायाचित्रकाराची परीक्षाच असते. त्याच्या भिंतींवरून परतणारा प्रकाश आणि मंडपातील दाट सावली यांच्या तेजात प्रचंड तफावत असते. उजेडाचे हे वरचे टोक फिल्म आणि डिजिटल सेन्सर अगदी निराळ्या रीतीने हाताळतात. हातात चांगला मोबाइल असूनही तरुण मंडळी फिल्म रोलकडे का वळतात, याचे एक भौतिक कारण या फरकात आहे. गतकाळाची ओढ हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण रोलचा जमाना ओसरल्यावर जन्मलेल्यांना त्याची आठवण असणार कुठून?

सेन्सरवरील प्रत्येक बिंदू प्रकाशामुळे मोकळे होणारे इलेक्ट्रॉन साठवतो. प्रकाश दुप्पट झाला की इलेक्ट्रॉनही दुप्पट, असा हा सरळ हिशेब असतो. मात्र साठवण भरली की पुढचा सारा प्रकाश वाया जातो आणि तिथे तपशील नसलेला कोरा पांढरा भाग उरतो. निगेटिव्ह फिल्मच्या (जिच्यावर उजेड-सावली उलटी उमटते) जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे लहानमोठे असंख्य स्फटिक विखुरलेले असतात. मोठे स्फटिक थोड्या प्रकाशातही प्रतिसाद देतात, लहानांना अधिक प्रकाश लागतो. प्रकाश वाढत जातो तसे शिल्लक स्फटिक कमी होत जातात, त्यामुळे फिल्मचा प्रतिसाद एकाएकी तुटत नाही, तर हळूहळू मंदावतो. हर्टर आणि ड्रिफील्ड या संशोधकांनी १८९० साली हे वर्तन आलेखाने मांडले. दीपस्तंभाच्या उजळ बाजूवरच्या कमानींच्या कडा निगेटिव्हमध्ये टिकून राहतात, त्या या मंदावण्यामुळेच.

मला त्याहूनही विलक्षण वाटते ती अदृश्य प्रतिमा, म्हणजे रोल धुण्याआधीच फिल्मवर उमटलेली पण डोळ्यांना न दिसणारी खूण. शटर मिटल्यावर एखाद्या स्फटिकात चांदीचे चारेक अणू एकत्र आले, तरी ती खूण उमटायला तेवढे पुरतात. हे कसे घडते याचा सिद्धान्त गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली मांडला. डेव्हलपर हे रोल धुण्याचे रसायन त्या इवल्याशा खुणेपासून सुरुवात करून कोट्यवधी अणूंचा अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. पुढे हायपो हे दुसरे रसायन उरलेले स्फटिक विरघळवून टाकतो. जिलेटिनही इथे केवळ चिकटवण्यापुरते नसते. काही जिलेटिनने फिल्म अधिक संवेदनशील का होते, याचा शोध फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास लावला, आणि कारण निघाले मोहरीवर्गीय वनस्पतींतील गंधकयुक्त द्रव्य, जे गुरांच्या चाऱ्यातून जिलेटिनपर्यंत पोहोचले होते! वाटलेल्या मोहरीचा झणझणीतपणाही त्याच द्रव्याचा.

मोजमापाच्या कसोटीवर आजचे चांगले सेन्सर फिल्मपेक्षा सरस आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश) कमी ठेवून नंतर सावल्या उजळवता येतात, आणि मोबाइल तर अनेक चित्रे एकत्र करूनच एक चित्र देतो. तरीही फिल्मवरील प्रतिमा हा पदार्थात झालेला बदल असतो. तिचे कण पिक्सेलप्रमाणे ओळीत बसवलेले नसतात आणि निगेटिव्ह नुसत्या उजेडासमोर धरूनही पाहता येते. छत्तीस चित्रांचा रोल आणि निकालाची प्रतीक्षा यांमुळे शटर दाबण्याआधीच प्रकाशाचा विचार करावा लागतो, आणि तो शिकवणारे याहून चांगले साधन मला माहीत नाही. कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तरी एक्टाक्रोम ही तिची बंद झालेली फिल्म २०१८ मध्ये बाजारात परतली, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा आणला.

गोव्यात मात्र या छंदाला हवामानाची अडचण आहे. कृष्णधवल रोल धुण्यासाठी साधारणपणे २० अंश सेल्सिअस तापमान धरले जाते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते. गरम द्रावणात डेव्हलपरची क्रिया वेगाने होते, जिलेटिन फुगून मऊ पडते आणि त्यावर सहज ओरखडे उठतात. म्हणून घरी रोल धुणारे द्रावणाची भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवतात. पावसाळ्यातील दमटपणा त्याहून घातक ठरतो, कारण जिलेटिन हे बुरशीचे खाद्य आहे आणि बुरशी निगेटिव्हबरोबर लेन्सवरही वाढते. त्यामुळे निगेटिव्ह ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत. नवे रोल फ्रिजमध्ये चांगले टिकतात. पण बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबी उघडू नये, अन्यथा हवेतील बाष्प थंड फिल्मवर दवासारखे साचते.