डब्यातल्या माल्टपासून अख्ख्या धान्यापर्यंत: घरगुती बिअरची पार्श्वभूमी

घरी बिअर करू लागणारी व्यक्ती आज सहसा माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या आटवलेल्या पाकाच्या, डब्यापासून सुरुवात करते आणि हात बसल्यावर ‘ऑल-ग्रेन’कडे, म्हणजे अख्ख्या धान्यापासून बिअर करण्याकडे वळते. हा क्रम इतका रुळला आहे की एक्स्ट्रॅक्ट ही बालवाडी आणि धान्य हे पदवीचे शिक्षण, असा समज पक्का झाला आहे. माझ्या मते तो इतिहासाला धरून नाही. युरोपातील घराघरांत शतकानुशतके बिअर होत होती ती धान्यापासूनच, आणि तीही थर्मामीटरशिवाय. एक्स्ट्रॅक्ट पुष्कळ नंतर आले आणि स्वयंपाकघरात ते रुजले त्यात करांचा व कायद्यांचा वाटा मोठा होता.

मुळात काम असे आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतो. नाचणीचे सत्त्व करताना आपल्याकडे हेच करतात. भरडलेला माल्ट साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातील अमायलेज विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. या टप्प्याला मॅश म्हणतात. तापमान 62-65 अंशांच्या आसपास राहिले तर आंबणारी साखर जास्त मिळते आणि बिअर कोरडी, म्हणजे कमी गोड, होते. 70च्या जवळ गेले तर ती अधिक भरीव लागते. मॅशमधून निघालेले गोड पाणी म्हणजे वर्ट. कारखान्यात वर्ट निर्वात भांड्यात आटवून त्याचा पाक किंवा भुकटी केली की झाले एक्स्ट्रॅक्ट. एकोणिसाव्या शतकात ते प्रामुख्याने पौष्टिक अन्न आणि बेकरीचा माल म्हणून विकले जाई, कॉड माशाच्या तेलात मिसळून मुलांनाही देत.

अमेरिकेत 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात बंद पडण्याच्या बेतात आलेल्या अनेक ब्रुअरींनी माल्टचा पाक विकायला घेतला. डब्यावर उल्लेख पाव-बिस्किटांचा असला तरी त्यापासून काय होते हे सर्वांना ठाऊक होते. दारूबंदी उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. ती मिळायला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978च्या ऑक्टोबरात सही केलेला कायदा यावा लागला, आणि तो 1979च्या फेब्रुवारीत लागू झाला. ब्रिटनमध्ये 1880 पासून घरगुती बिअरसाठी परवान्याची अट होती; अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती 1963 मध्ये काढून टाकली आणि लवकरच एक्स्ट्रॅक्टचे तयार संच दुकानांत आले. संचात साखर वेगळी घालायची असे, त्यामुळे बिअर पातळ होई, पण बादली आणि पातेले एवढ्यावर काम भागे. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, म्हणून ही हकिकत मुख्यतः परदेशातली आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी हौशी मंडळींपुढे मात्र डबा की धान्य, हाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या शेगडीवर उभा राहतो.

तो प्रश्न भांड्यांचा आहे. अमेरिकेत एका वेळची घरगुती बिअर म्हणजे 5 गॅलन, सुमारे 19 लिटर, असे प्रमाण ठरून गेले. एक्स्ट्रॅक्टचा दाट वर्ट 10-12 लिटर पाण्यात उकळून नंतर गार पाणी घालून वाढवता येतो. धान्याच्या पद्धतीत सगळाच वर्ट उकळावा लागतो, म्हणजे सुरुवातीला जवळपास 25 लिटर, आणि घरातल्या साध्या शेगडीवर तेवढ्याला उकळी येता येत नाही. त्यातच हौशी लोकांनी ब्रुअरीची मांडणी जशीच्या तशी उचलली होती: गरम पाण्याचे एक भांडे, मॅशचे दुसरे, उकळण्याचे तिसरे. भोके पाडलेली बादली दुसऱ्या बादलीत बसवून केलेली गाळणी आणि सहलीला नेण्याचा थंडपेटीचा डबा यांनी खर्च कमी झाला, जागेची अडचण तशीच राहिली. अनेकांनी मधला मार्ग धरला: किलो-दीड किलो धान्याचा छोटा मॅश आणि उरलेली भर एक्स्ट्रॅक्टची.

खरी वाट ऑस्ट्रेलियातील हौशींनी मोकळी केली. 2000च्या दशकात त्यांनी ‘ब्रू इन अ बॅग’ ही पद्धत नीट बसवली, ज्यात मॅशही पिशवीत आणि उकळणेही त्याच पातेल्यात होते. पिशवी त्याआधी ब्रिटनमध्येही वापरली जात होती. नवे होते ते मॅशनंतर धान्य वेगळ्या पाण्याने धुऊन उरलेली साखर काढण्याचा टप्पा वगळून सुरुवातीलाच सगळे पाणी घेणे. दुष्काळी पाणीटंचाईमुळे तिथल्याच लोकांनी उकळता वर्ट नळाच्या पाण्याने न निववता प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये बंद करून ठेवण्याची रीतही रूढ केली.

19 लिटरच्या पातेल्यात हे सहज बसते. 13 लिटर पाणी 69 अंशांपर्यंत तापवून त्यात बारीक जाळीच्या पिशवीतला 2 किलो भरडलेला माल्ट सोडला की तापमान 66च्या आसपास येते. पातेले जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून तासभर ठेवायचे, मग पिशवी उचलून पातेल्यावर ठेवलेल्या चाळणीत निथळू द्यायची. धान्य किलोमागे साधारण एक लिटर पाणी धरून ठेवते, तासाभराच्या उकळीत आणखी दोनेक लिटर उडून जातात, आणि हाती सुमारे 9 लिटर बिअर येते. प्रमाण अर्ध्यावर आणायची तयारी असेल तर साधी शेगडी पुरते, हे मान्य व्हायला मात्र बराच काळ गेला.

आजचा माल्ट बऱ्यापैकी एकसारखा मिळतो, त्यामुळे पूर्वीच्या टप्प्याटप्प्याच्या मॅशऐवजी एकाच तापमानाचा मॅश पुरतो, आणि ब्लँकेटसारखा साधा उपायही चालून जातो. पुढे जर्मनी आणि न्यूझीलंडमधून बाजारात आलेल्या विजेच्या एक-भांडी यंत्रांतही धान्य उचलून बाहेर काढण्याजोग्या जाळीदार नळकांड्यात असते, आणि मॅश व उकळ एकाच भांड्यात होतात.