डिजिटल भारत निधी

ग्रामीण व दुर्गम भागांत दूरसंचार आणि ब्रॉडबँड सेवा पोहोचवण्यासाठी भारत सरकारने राखून ठेवलेला निधी. पूर्वीचे नाव सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात त्याची कल्पना मांडली गेली आणि १ एप्रिल २००२ पासून तो अमलात आला. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने सध्याचे नाव दिले.

डोंगरातल्या तीस घरांच्या पाड्यासाठी टॉवर उभारणे कंपनीला परवडत नाही. वीज बेभरवशाची, डिझेल लांबून आणायचे, गिऱ्हाइके मोजकी. ही तूट भरून काढण्यासाठी कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलावर, म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या एकूण उत्पन्नावर, ५ टक्के आकारणी होते. पुण्या-मुंबईच्या मोबाइल बिलातला अंश अशा रीतीने गडचिरोलीतल्या टॉवरपर्यंत जातो.

मात्र हा पैसा थेट निधीत पडत नाही. तो आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, जमा होतो आणि संसदेच्या मंजुरीनंतर इकडे वर्ग होतो. वर्षअखेरीस उरलेली रक्कम बुडू नये, अशी तरतूद भारतीय तार अधिनियमातील २००३ च्या दुरुस्तीने केली. असे असूनही जमा झालेली आकारणी पूर्ण वर्ग होत नसल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. गावाच्या नावाने घेतलेला पैसा गावासाठीच राहावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

निधीचा सर्वांत मोठा उपक्रम म्हणजे सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडणारे भारतनेट. २०११ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा त्याचे नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे होते. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्याने हाती घेतले. पण केबल पोहोचली म्हणजे इंटरनेट आले, असे होत नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर पेटी असते, तिच्यात बॅटरी. बॅटरी उतरली की पेटीवरचे दिवे विझतात आणि जोडणी बंद पडते. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली, तर जोडणारा माणूस येईपर्यंत सातबारा, पीकविम्याचे अर्ज, दाखले सगळेच अडते. आरंभीच्या रचनेत एकाच मार्गावर गाव अवलंबून असल्याने एका ठिकाणी केबल तुटली की पुढची गावेही बंद पडत.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत वर्तुळाकार जोडणी आहे. एक बाजू तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहते. शिवाय कंत्राटदारावर दहा वर्षे देखभालीची जबाबदारी आहे.