साखरेवर ठेवलेली लादी

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट डोंगराच्या अंगावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. वर उतरून हद्दीच्या दोरीपलीकडे गेलं की पुढच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका किती, ते ज्याचं त्याने जोखायचं. आपल्याकडचे सह्याद्रीत तयार झालेले ट्रेकर इथे हमखास चकतात. कातळ दिसतो तसाच असतो. बर्फाचं तसं नाही. कालचा ताजा हिमवर्षाव डोळ्यांत भरतो, पण खोडी बहुतेकदा महिनाभरापूर्वीच्या थरात असते.

डिसेंबरात बर्फ पातळ असतो, समजा अर्धा मीटर. खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर पृष्ठभागावर उणे १०. म्हणजे मीटरमागे २० अंशांचा फरक. हा फरक मीटरमागे साधारण १० अंशांपुढे गेला की खालच्या कणांतून वाफ निघते, वर सरकते आणि पुन्हा गोठते. काही दिवसांत घट्ट बर्फाचे सुटे, टोकदार दाणे होतात. मुठीत घेतले तर दाणेदार साखरेसारखे ओघळतात. त्यांवर जानेवारीचा जड, वाऱ्याने दाबलेला बर्फ बसतो. साखर पसरून वर लादी ठेवावी, तसं. बर्फ कमी म्हणजे धोका कमी, हा हिशेब इथे उलटा पडतो.

लादी घसरायला उतार हवा. बहुतेक घसरणी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमक्या स्कीअरना मोह पाडणाऱ्या. त्याहून तीव्र कड्यांवर बर्फ फारसा साठतच नाही. उतार मोजायला मोबाइलमधला कोनमापकही चालतो. नजरेवर मात्र विसंबू नये.

मग खालचे थर तपासायला फावड्याने बर्फात खड्डा खणायचा. भिंतीत ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कोरून त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापा द्यायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब तुटला ते पाहायचंच, पण तुटला कसा याकडे जास्त लक्ष द्यावं. ड्रॉवर ओढावा तसा वरचा भाग सरळ पुढे सरकला, तर तो उतार सोडायचा. खांब टिकला तरी तेवढ्याने परवानगी मिळत नाही. वीस पावलांवर थर वेगळे असू शकतात.

कधी खणायचीही गरज नसते. पाय टाकताच ‘धप्प’ आवाज होतो, पायाखालून बर्फ किंचित बसतो, भेगा पळत जातात: साखर कोसळली. माझ्या मते तिथून मागे फिरायला चर्चा लागू नये, पण गटात ती होते, कारण कोणीतरी सुट्टी काढून, तिकीट काढून आलेलं असतं.

हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर बहुधा वाचतो. नंतर श्वास कोंडून शक्यता झपाट्याने घटते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. म्हणून संशयित उतार एकेकानेच ओलांडायचा आणि बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. फावडी त्यांच्याच पाठीवर असतात.