फलकावरची चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरशी का जुळत नाही?

चंद्रोदयाची वेळ दाखवणाऱ्या आमच्या इलेक्ट्रॉनिक फलकाबद्दल संकष्टीच्या रात्री फोन हमखास वाजतो. "फलकावर नऊ बारा दाखवतंय, कॅलेंडरात नऊ चोवीस. आरती कधी करायची?" फलक बिघडलेला नसतो. कॅलेंडरातली वेळ बहुधा मुंबईची असते, फलक बेळगावची काढतो.

मुंबईपेक्षा आपण दीड अंशाहून थोडे जास्त पूर्वेला आहोत. अंशाला चार मिनिटे, म्हणजे चंद्र इथे साधारण साडेसहा मिनिटे आधी उगवायला हवा. पण आपण तीन अंश दक्षिणेलाही आहोत, आणि खरी गोची तिथे आहे. वैशाखातल्या संकष्टीला चंद्र दक्षिणेकडे असतो, तेव्हा फरक बारा-तेरा मिनिटांवर जातो. कार्तिकात तो उत्तरेकडे असतो, तेव्हा दोन्ही वेळा जवळजवळ एकच येतात. त्यामुळे "कॅलेंडरातून सरसकट सहा मिनिटे वजा करा" असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

फलकातली चिप 1 जानेवारी 2000 पासून दिवस मोजते आणि दिवसाला 13.176 अंश या चालीने चंद्र पुढे सरकवते. हा झाला मध्यम चंद्र, म्हणजे सरासरी चालीने फिरणारा. कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे खरा चंद्र त्याच्या सव्वासहा अंशांपर्यंत पुढे-मागे असतो. त्यावर सूर्याच्या ओढीची दुरुस्ती, 1.27 अंशांपर्यंत, मग 0.66 अंशांची आणखी एक, आणि बाकी बारीकसारीक. पूर्ण गणितात अशी हजारो पदे असतात. आरतीसाठी एवढा खटाटोप नको, म्हणून आम्ही मोठी तेवढीच घेतली. दोन-तीन मिनिटांची चूक त्यामुळे राहू शकते.

नुसते स्थान पुरत नाही, चंद्राची गतीही लागते. ती कशाला? सूर्यास्ताला चंद्र कुठे आहे ते काढून उदयाची वेळ ठरवली, तर तोवर तो आणखी पूर्वेला सरकलेला असतो. पावणेतीन तासांत दीड अंश, म्हणजे सहा मिनिटांचा घोळ. बरे, चालही एकसारखी नाही. पृथ्वीजवळ असताना दिवसाला 15 अंशांच्या वर, लांब असताना 12 च्या आत. म्हणून चिप दहा मिनिटे आधीचे आणि दहा मिनिटे नंतरचे स्थान काढते, फरकाला वेळेने भागते, आणि त्या गतीने उदयाची वेळ पुन्हा दुरुस्त करते. चंद्राची चाल क्षणाक्षणाला बदलते म्हणून तात्कालिक गती घ्यावी, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवले आहे.

हिशेबात क्षितिज सपाट धरले आहे. खानापूरकडे पूर्वेला डोंगर असेल, किंवा टिळकवाडीत समोर अपार्टमेंट, तर दर अंशाच्या आडोशाला चार मिनिटांहून थोडे जास्त थांबा. संकष्टी आज की उद्या, हे मात्र भटजींना विचारा. फलक ते ठरवत नाही.

लाईट गेल्यावर घड्याळ मागे पडत असेल तर आतला बटणासारखा सेल संपला आहे. तो बदलून घ्या आणि वेळ मोबाईलशी जुळवा. घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर चंद्रोदयाचा आकडा बरोबर असूनही आरतीला दहा मिनिटे उशीर होणार.